दहा रुपयांचं कार्ड आणि साडेसात हजारांचं पॅकेज

चंदीगडच्या सेक्टर १ मध्ये, कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या एका कडेला ‘ओपन हँड’ उभा आहे. वाऱ्याबरोबर फिरणारा तो धातूचा उघडा पंजा आपण फोटोंत पाहिलेला असतो. त्याच्या पायाशी जमिनीत खोल उतरलेला एक चौक आहे, हे मात्र तिथे गेल्यावरच कळतं. लोकांनी एकत्र बसून बोलावं म्हणून ल कॉर्बुझिएने तो कल्पिला होता. आमच्या शेजारच्यांचा मुलगा पुण्यात आर्किटेक्चर शिकतो. कॅपिटल कॉम्प्लेक्सची रेखाटनं करायला तो मध्यंतरी तीन महिने चंदीगडला राहिला. एका दुपारी त्या चौकाच्या पायऱ्यांवरून त्याने मला फोन केला. आसपास मराठी कळणारं कुणी नव्हतं, तरी आवाज दबलेला होता.

“काका, हर्पीस पॉझिटिव्ह आलंय. आई-बाबांना सांगू नका.”

त्याचा त्रास काय होता? लघवीला जळजळ आणि सकाळी कपड्यांवर पिवळसर डाग. आठवडाभर अंगावर काढल्यावर त्याने मोबाइलवरून लैंगिक आजारांचं ‘फुल पॅकेज’ मागवलं. माणूस खोलीवर येऊन रक्त घेऊन गेला. बिल ७,४५० रुपये. दोन दिवसांनी बारा-पंधरा पानांचा रिपोर्ट आला, त्यात ड जीवनसत्त्वसुद्धा मोजलेलं होतं. लघवी मात्र कुणी मागितलीच नव्हती, की स्रावाचा थेंब काचेवर घेतला नव्हता. आजार जिथे होता ती जागा सोडून बाकी सगळं तपासून झालं होतं.

चंदीगडमध्ये त्याच्या हाताशी असलेलं आर्किटेक्चर कॉलेज सेक्टर १२ मध्ये आणि पीजीआय हे मोठं सरकारी रुग्णालयही सेक्टर १२ मध्येच. देशातल्या नावाजलेल्या रुग्णालयांपैकी एकाच्या फाटकावरून तो रोज जात होता. तिथलं ओपीडीचं कार्ड दहा रुपयांना मिळतं. दहा रुपये आणि साडेसात हजार, या दोन आकड्यांच्या मध्ये जे काही आहे त्यातलं बरंचसं लाजेपोटी भरलेलं असतं. हा लेख त्याबद्दल आहे. चंदीगडला असा, नागपूरला असा की नांदेडला, हिशेब जवळपास सारखाच बसतो.

आधी, किती जणांना असतं?

पैसे कशावर खर्चायचे हे ठरवायला आधी हे कळावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार पूर्ण बऱ्या होणाऱ्या चार लैंगिक संसर्गांची जगात वर्षाला ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणं होतात. त्यांत ट्रायकोमोनास १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, गनोरिया म्हणजे आपल्याकडे ज्याला परमा म्हणत आले तो ८ कोटी २० लाख आणि सिफिलिस म्हणजे गरमी ७१ लाख. आपल्याकडे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, प्रौढांपैकी साधारण सहा टक्क्यांना जननमार्गाचा कुठला ना कुठला संसर्ग असतो असं वर्षानुवर्षं सांगत आली आहे. शंभरात सहा म्हणजे साठ बिऱ्हाडांच्या सोसायटीत किती होतात, ते आपणच मोजावं.

पण दवाखान्यात येणाऱ्यांचं प्रमाण आणि गावातल्या सगळ्यांचं प्रमाण यांत फार मोठा फरक असतो. दवाखान्याची पायरी चढलेल्या माणसाला काही त्रास तरी होत असतो, नाहीतर धास्ती तरी बसलेली असते. हा फरक महाराष्ट्राने फार मोठी किंमत देऊन पाहिलेला आहे. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत मे १९९३ ते जुलै १९९४ या काळात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या, म्हणजे भोसरीच्या ‘नारी’च्या, संशोधकांनी इतरांच्या साथीने २,८०० रुग्ण तपासले. त्यांतल्या ६५५ जणांना एचआयव्ही निघाला, म्हणजे २३.४ टक्के. त्या वेळच्या पुणे शहराचं प्रमाण याच्या जवळपासही नव्हतं. पुढे, १९९७ मध्ये, डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी त्याच दवाखान्यांतल्या स्त्रियांबद्दल लिहिलं: ज्या देहविक्रय करत नव्हत्या, ज्यांतल्या बहुतेक लग्न झालेल्या आणि एकाच पुरुषाशी संबंध असलेल्या होत्या, त्यांच्यातही १३.६ टक्के. तो आकडा वाचला की मला नेहमी वाटतं, त्या बायकांनी स्वतःहून कोणता धोका पत्करला होता? नवऱ्याने घरी आणलेला आजार होता तो.

आज ते दिवस राहिले नाहीत. देशात प्रौढांमधलं एचआयव्हीचं प्रमाण ०.२ टक्क्याच्या आसपास आहे, औषध फुकट आहे. दवाखान्यांतलं चित्रही बदललं. जांघेत ‘बद’ येणारे, मऊ चट्ट्याचे रुग्ण आता क्वचित दिसतात. नागीणवर्गातली हर्पीस आणि जननेंद्रियावरच्या चामखिळी हे विषाणूचे आजार पुढे आले. सिफिलिस गेला गेला म्हणता पुन्हा डोकं वर काढतोय. आणि ‘अंगावरून पांढरं जातं’ ही तक्रार घेऊन येणाऱ्या बायका आजही सगळीकडे मोठ्या संख्येने असतात. त्यांतल्या कितीजणींचा त्रास मुळात लैंगिक संसर्गाचा नसतोच.

ही टक्केवारी खिशाशी कशी जोडलेली आहे ते सांगतो. समजा एखादी चाचणी निरोगी माणसांना ९९ टक्के वेळा बरोबर ‘निगेटिव्ह’ सांगते. हजारांत दोघांनाच आजार असलेल्या घोळक्यावर ती लावली, तर दोन खरे पॉझिटिव्ह सापडतील आणि दहा खोटे. म्हणजे बारातले दहाजण फुकट घाबरणार, आणि दहाही जण पुढच्या तपासण्यांवर पैसे घालणार. तीच चाचणी दवाखान्यात, जिथे हजारांत शंभरांना आजार आहे, तिथे लावली तर शंभर खरे आणि नऊच खोटे. म्हणून लक्षण नसताना, धोका घडलेला नसताना चाळीस चाचण्यांचं पॅकेज घेणं म्हणजे खोट्या भीतीची पावती फाडणं. आणि म्हणूनच सरकारी केंद्रात एचआयव्ही पॉझिटिव्ह म्हणण्याआधी तीन वेगवेगळ्या किटवर रक्त तपासतात.

पॅकेजमधलं काय टाकून द्यायचं

आमच्या त्या मुलाच्या रिपोर्टात जे ‘पॉझिटिव्ह’ होतं ते हर्पीस-१ चं आयजीजी प्रतिपिंड होतं. ही ओठावर ज्वराचे फोड आणणारी हर्पीस. जगातल्या पन्नाशीखालच्या जवळपास दोन-तृतीयांश लोकांना ती असते, बहुतेकांना लहानपणीच कुणाच्या तरी पाप्यातून मिळालेली. त्याच्या लघवीच्या जळजळीशी तिचा काही संबंध नव्हता. हर्पीसचं निदान फोड आलेला असताना डॉक्टरने डोळ्यांनी बघून किंवा फोडाच्या पाण्याचा नमुना घेऊन होतं. रक्तातल्या आयजीएमवर तर अजिबात भिस्त ठेवू नये.

क्लॅमिडियाच्या रक्ततपासणीचंही तसंच. पूर्वी कधी तो होऊन गेला असेल तरी ती पॉझिटिव्ह येते. आत्ता आहे का, ते लघवीच्या किंवा स्वॅबच्या पीसीआरनेच कळतं. गरोदर बायकांना सरसकट लिहून दिलं जाणारं ‘टॉर्च’ पॅनेल हा आणखी एक खर्चाचा खड्डा. दीड-दोन हजार जातात, आणि निरोगी गरोदर बाईला ते सरसकट करायचं कारण नसतं. गरोदरपणात खरोखर लागतात त्या एचआयव्ही, सिफिलिस आणि ब-कावीळ या तपासण्या, आणि त्या सरकारी दवाखान्यात फुकट होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरही भेटतात.

आता दर. सरकारी जागी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी मोफत. खाजगी प्रयोगशाळेतले आकडे शहरागणिक बदलतात, म्हणून ढोबळ सांगतो: सिफिलिससाठीची व्हीडीआरएल किंवा आरपीआर दोन-तीनशे रुपये, त्याचीच टीपीएचए पाचशे ते नऊशे, एचआयव्हीची चौथ्या पिढीची तपासणी पाचशे ते नऊशे, ब-काविळीची एचबीएसएजी तीन ते सहाशे, क-काविळीची त्याहून थोडी जास्त. स्राव काचेवर घेऊन रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, ज्याला ग्रॅम स्टेन म्हणतात, ते काही शे रुपयांत होतं. आणि एकाच नमुन्यात सात-आठ जंतू शोधणारं मल्टिप्लेक्स पीसीआर साधारण तीन हजारांपासून पुढे, कुठे कुठे सात-आठ हजारांपर्यंत. त्वचारोगतज्ज्ञाची फी पाचशे ते हजार, मोठ्या रुग्णालयात त्याहून जास्त.

या यादीत स्वस्तात मोडणारा ग्रॅम स्टेन पुरुषाला लघवीच्या जागेतून पू येत असेल तेव्हा परम्यासाठी जवळपास पीसीआरच्या तोडीचा असतो. गुलाबी रंगात पेशींच्या पोटात जोडीजोडीने बसलेले दाणे दिसले की निदान झालं. त्या मुलाला चंदीगडमधल्याच एका सरकारी रुग्णालयात अर्ध्या तासात हे सांगितलं गेलं. रांग मात्र तीन तासांची होती, तेही लिहायला हवं. सकाळी आठाच्या आत नंबर लावा, जमलं तर आदल्या दिवशी ऑनलाइन नोंदणी करा. पीजीआयची नवी ओपीडी रोज हजारोंनी भरते. पंजाब, हरियाणा, हिमाचल सगळीकडून लोक येतात. फक्त एवढ्या त्रासासाठी जायचं तर सेक्टर १६ चं सरकारी रुग्णालय किंवा सेक्टर ३२ चं वैद्यकीय महाविद्यालय यांतलं जवळ पडेल ते बघा. कॅपिटल कॉम्प्लेक्सहून पीजीआय तीन-चार किलोमीटर, सेक्टर १६ ही फार लांब नाही.

करड्या रंगाचा खोका

सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी जी खोली असते तिला ‘सुरक्षा क्लिनिक’ म्हणतात. देशभरात अशी हजाराहून जास्त आहेत. दारावर ‘गुप्तरोग’ असं ठळक लिहिलेलं नसतं, त्यामुळे शोधताना गोंधळ होतो. चौकशीच्या खिडकीवर सगळ्यांसमोर आजाराचं नाव घ्यायची गरज नाही. “त्वचा विभाग” एवढं विचारा आणि आत गेल्यावर काय ते बोला. बायकांसाठी स्त्रीरोग विभागातही हीच सोय असते.

आत एक समुपदेशक असतो. टेबलावर लाकडी नमुना आणि कंडोमची पाकिटं, भिंतीला पडदा. प्रश्न सरळ विचारतात: शेवटचा संबंध कधी, कुणाशी, कंडोम होता का, तोंडाने किंवा मागून संबंध आला का. शेवटचा प्रश्न ऐकून लोक बिचकतात आणि खोटं बोलतात. पण घशातला आणि गुदद्वारातला संसर्ग बहुधा काहीच त्रास देत नाही, आणि सांगितलं नाही तर तिथला स्वॅब घेतला जात नाही. मग लघवीचा रिपोर्ट स्वच्छ येतो आणि आजार राहतो तसाच. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांनी हे आवर्जून सांगावं. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर त्यात कायद्याची भीतीही उरलेली नाही.

औषधं रंगांच्या किटमधून देतात, लक्षणांच्या गटानुसार. पुरुषाच्या लघवीच्या जागेतून स्राव असेल तर करडा खोका: ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकदमच तिथल्या तिथे घ्यायचं. योनीच्या स्रावासाठी हिरवा, जखमेसाठी पांढरा, हर्पीसला लाल, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळा. असे सात रंग राष्ट्रीय कार्यक्रमाने ठरवले. वाचता न येणाऱ्या माणसालाही औषध ओळखता यावं आणि औषध देणाऱ्याचीही चूक होऊ नये, अशी ती सोय. मला ही कल्पना फार आवडते. तो करडा खोका काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा असतो. त्या मुलाला तो फुकट मिळाला, आणि जोडीदारासाठी दुसराही.

बाहेरून विकत घ्यायचं झालं तरी ही औषधं महाग नाहीत. क्लॅमिडियासाठी सात दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनच्या चौदा कॅप्सूल दीडशेच्या आत येतात, जनऔषधी दुकानात आणखी कमी. सुरुवातीच्या सिफिलिसला बेंझाथीन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटांचं एक इंजेक्शन पुरतं; १२ लाखांच्या दोन कुप्या शंभर रुपयांच्या आत मिळतात. औषध इतकं स्वस्त आहे की कंपन्यांना त्यात फार नफा नाही, आणि कधीमधी ते बाजारात मिळतच नाही. शिवाय पेनिसिलिनची ॲलर्जी येईल या भीतीने बरेच खाजगी डॉक्टर ते टोचायला धजत नाहीत. म्हणून सिफिलिसच्या रुग्णाने सरळ मोठं सरकारी रुग्णालय गाठावं. दुकानदाराला विचारून सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या आणणं मात्र पैशाची नासाडी आहे. परम्याच्या जंतूने त्या औषधाला केव्हाच दाद देणं सोडलं आहे.

चामखिळींचा खर्च सगळ्यात फसवा. औषध लावणं, गोठवणं, विजेने जाळणं, एकेका बैठकीचे खाजगीत हजार ते तीन हजार, आणि चार-पाच बैठका लागू शकतात, कारण त्या पुन्हा उगवतात. आधीच विचारा, “पूर्ण उपचाराचा अंदाज किती?” एका बैठकीचा दर ऐकून होकार देऊ नका.

त्याच त्या तपासणीचे पैसे पुन्हा पुन्हा

सिफिलिस झालेला माणूस बरा होऊनही वर्षानुवर्षं घाबरत राहतो आणि प्रयोगशाळेला पैसे भरत राहतो, असं मी पाहिलंय. कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं की टीपीएचए ही चाचणी एकदा पॉझिटिव्ह आली की औषध घेऊनही बहुधा आयुष्यभर तशीच येते. ती परत करून काही कळत नाही. उपचार लागू पडला की नाही ते व्हीडीआरएलच्या आकड्यावरून बघतात. रिपोर्टवर १:३२ असं लिहिलेलं असतं. सहा महिने-वर्षभरात तो १:८ किंवा त्याखाली आला की काम झालं. दर वेळी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने करा, नाहीतर आकड्यांची तुलना करता येत नाही. आणि गरोदरपण, संधिवातासारखे आजार यांत व्हीडीआरएल खोटीही पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून पहिल्या वेळी टीपीएचए जोडीने हवीच. एकदाच.

घाईघाईत केलेली तपासणीही पाण्यात जाते. संबंधानंतर तिसऱ्या दिवशी एचआयव्हीची तपासणी करून निगेटिव्ह आली म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. चौथ्या पिढीच्या तपासणीला सहा आठवडे थांबावं, साध्या रॅपिड तपासणीला तीन महिने. परमा-क्लॅमिडियाचं पीसीआर साधारण दोन आठवड्यांनी. सिफिलिससाठी तीन महिन्यांपर्यंत नजर ठेवावी. औषध घेतल्यावर लगेच आठवड्यात पीसीआर केलं तर मेलेल्या जंतूंचे अंशही सापडतात आणि पुन्हा घबराट. किमान तीन-चार आठवडे जाऊ द्या.

एकच गोष्ट अशी आहे जिथे थांबायचं नाही. कंडोम फाटला, जोडीदाराला एचआयव्ही असल्याचं कळलं, बलात्कार झाला, अशा वेळी ७२ तासांच्या आत, खरं तर दोन-तीन तासांतच, एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करावी लागतात. ती २८ दिवस चालतात. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात किंवा एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात विचारा, रात्री असेल तर रात्रीच. बलात्कारपीडितेवर तातडीचे उपचार मोफत करणं सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाला कायद्याने बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असं म्हणून तिला परत पाठवता येत नाही.

बायकांचं निराळं

पुरुषाला जळजळ होते, म्हणून तो येतो तरी. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना काहीच जाणवत नाही, आणि कळतं तेव्हा कधी गर्भनलिका बंद झालेली असते. म्हणजे दीडशे रुपयांच्या औषधाने टळणारी गोष्ट टेस्ट-ट्यूब बेबीच्या लाखांच्या बिलापर्यंत जाऊ शकते. नवऱ्याला काही निघालं तर बायकोची तपासणी आणि औषध त्याच दिवशी झालं पाहिजे, तिला त्रास असो वा नसो. नाहीतर नवरा बरा होतो आणि पंधरा दिवसांत तिच्याकडून पुन्हा घेतो. मग दोघांचा खर्च दोनदा होतो.

उलट पांढरं जाण्याच्या बाबतीत बायका विनाकारण स्वतःला दोष देतात. दह्याच्या कवडीसारखं आणि खाज असेल तर बहुतेकदा बुरशी. मासळीसारखा वास येत असेल तर योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडलेलं. या दोन्हींचा अर्थ कुणी बाहेर गेलं होतं असा होत नाही. तिसरा ट्रायकोमोनास, तो मात्र संबंधातून येतो आणि दोघांनीही औषध घ्यायला लागतं. तिन्हींमधला फरक कळायला लागतं काय, तर काचेवर सलाइनचा एक थेंब, स्रावाचा एक थेंब आणि सूक्ष्मदर्शक. ताजा नमुना असेल तर ट्रायकोमोनास शेपट्या हलवत फिरताना दिसतो. शंभर-दोनशे रुपयांचं काम. ज्या दवाखान्यात न बघता, न तपासता दर खेपेला तीच योनीत ठेवायची गोळी लिहून देतात, तिथे तिसऱ्यांदा जाऊ नका.

कुणाला कळेल?

खरा अडसर इथे असतो. कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या सचिवालयात, उच्च न्यायालयात, विधानसभेत हजारो माणसं कामाला आहेत. सरकारी नोकराला वैद्यकीय खर्चाची भरपाई मिळते, पण त्यासाठी बिल आणि निदान कागदावर टेबलामागून टेबल फिरतं. मंत्रालयात बसणाऱ्यांनाही हे नव्याने सांगायला नको. म्हणून अशा तक्रारीसाठी बरेचजण भरपाई सोडून रोख पैसे मोजतात. त्यांना मी एवढंच म्हणेन की रोखच द्यायचे तर भिंतीवरच्या जाहिरातवाल्याला देऊ नका. लैंगिक आजार बरे करण्याची जाहिरात करणं १९५४ च्या औषध व जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे. स्टेशनजवळ ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ रंगवणारा पहिल्या भेटीलाच कायदा मोडून बसलेला असतो. पुढे तो पंधरा दिवसांच्या पुड्यांचे पाच-दहा हजार घेतो, आणि सिफिलिसची जखम तर औषध न घेताही काही आठवड्यांत आपोआप सुकते. पेशंटला वाटतं पुडीने गुण आला. आजार मात्र शरीरात मुरत जातो.

सरकारी नोंदवहीची भीती आपल्याकडे जुनी आहे, आणि ती निराधार नाही. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने इंग्रजांनी बायकांची नावं नोंदवून त्यांना जबरदस्तीने तपासलं होतं. वीस वर्षांनी तो रद्द झाला. आजचा कायदा उलट्या दिशेचा आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही, नोकरीसाठी ती अट घालता येत नाही, आणि निदान बाहेर फोडता येत नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणीआधी आणि नंतर समुपदेशकाशी बोलणं हा तुमचा हक्क आहे, घाईत असाल तरी तो सोडू नका. वय अठराच्या आत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पोक्सो कायद्यामुळे डॉक्टरवर कळवण्याची जबाबदारी येते. अशा वेळी विश्वासाच्या मोठ्या माणसाला सोबत घ्या, पण उपचार टाळू नका.

खाजगीत जाणार असाल तर दोन गोष्टी बघा. घरी येऊन रक्त नेणाऱ्या सेवेला दिलेला ईमेल आणि मोबाइल नंबर फक्त तुमचाच असू द्या. कुटुंबाच्या एकत्र खात्यात रिपोर्ट उघडले जातात. आणि नेहमीच्या आरोग्य विम्यात दाखल न होता केलेला खर्च बहुधा बसत नाही, तेव्हा त्या आशेवर बिल वाढू देऊ नका.

पैसे घालायचेच असतील तर ब-काविळीच्या लसीवर घाला. तीन डोस, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी, सगळे मिळून काही शे रुपयांत होतात. हा आजारही संबंधातून पसरतो आणि यकृत खातो. एचपीव्हीची लस महाग आहे, पण पुण्याच्या सीरमने स्वतःची आणल्यापासून किंमत उतरली. चामखीळ आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग दोन्ही टाळणारी ती लस मुलींना वेळेत, संबंध सुरू होण्याच्या आधी द्यावी.

त्या मुलाची जळजळ चौथ्या दिवशी थांबली. ज्या मैत्रिणीशी संबंध आला होता तिला त्याने दोन दिवस धीर गोळा करून सांगितलं. ती आधी चिडली, मग गेली आणि औषध घेऊन आली. पुण्याला परतल्यावर तीन महिने उलटताच ससून रुग्णालयाच्या आयसीटीसीत त्याने पुन्हा रक्त दिलं. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तो आला, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “काका, इथे पैसे भरायची खिडकीच नाहीये.” तुमच्या जवळचं केंद्र कुठे आहे ते १०९७ या नंबरवर विचारलं की सांगतात. फोन फुकट आहे आणि नाव सांगावं लागत नाही.